नर्सिंगच्या पदवीची फी ३,६८० डॉलर, खर्च ८३ हजार

प्रश्न: मी ३६ वर्षांची आहे, कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला राहते. पुण्यातून बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी केलं, मग लग्न, एच-फोरवर (नवऱ्याच्या नोकरीवर मिळणाऱ्या व्हिसावर) बरीच वर्षं घरी. दोन वर्षांपूर्वी ग्रीन कार्ड आलं. आता एका डे-केअरमध्ये पूर्णवेळ शिकवते, वर्षाला ४२ हजार डॉलर मिळतात. मुलं नऊ आणि सहा वर्षांची. नर्सिंग करायचं मनात आहे. कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची पदवी स्वस्त आहे, पण मिस्टर (ते सॉफ्टवेअरमध्ये आहेत) म्हणतात की हल्ली सगळ्यांना बीएसएनच, म्हणजे नर्सिंगची बॅचलर पदवीच लागते. एका खासगी विद्यापीठाचा १६ महिन्यांचा बीएसएन आहे, त्याचे ते ९० हजार सांगतात. मैत्रीण म्हणते आधी एलव्हीएन (रजिस्टर्ड नर्सच्या खालची पायरी) कर. या वयात यात पैसे घालण्यात अर्थ आहे का, आणि ते कधी वसूल होतील?

उत्तर: फीचा विषय आधी संपवते, कारण तुमच्या हिशोबातला तो सगळ्यात लहान आकडा आहे. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात एका युनिटचे, म्हणजे क्रेडिटचे, ४६ डॉलर पडतात. केमिस्ट्रीपासून नर्सिंगच्या शेवटच्या सेमिस्टरपर्यंत तुमची साधारण ८० युनिटं होतील, म्हणजे ३,६८० डॉलर. डी अँझासारख्या क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजात दर ३१ डॉलर दिसतो, पण तिथे युनिटं जास्त लागतात, बेरीज जवळपास तिथेच येते. पुस्तकं, ऑनलाइन परीक्षांचं पॅकेज, गणवेश, स्टेथोस्कोप, बॅकग्राउंड चेक, ड्रग टेस्ट, सीपीआरचं कार्ड, लसींचे टायटर (प्रतिकारशक्ती तपासणारी रक्तचाचणी), शेवटी नर्सिंग बोर्डाची फी आणि परवान्यासाठीच्या एनक्लेक्स परीक्षेचे २०० डॉलर हे सगळं धरून आणखी चार-पाच हजार. टीबीच्या चाचणीबद्दल आताच सांगून ठेवते. आपल्याला लहानपणी बीसीजी टोचलेली असते, त्यामुळे कातडीवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग क्लिनिकलच्या (रुग्णालयातल्या प्रात्यक्षिकाच्या) तोंडावर एक्स-रेसाठी पळापळ होते. डॉक्टरांना सरळ रक्ताची चाचणी मागा.

म्हणजे रोख आठ-नऊ हजार. एवढं ऐकूनच बरेच जण खूश होतात आणि हिशोब तिथेच थांबवतात.

खरा खर्च पुढे आहे. नर्सिंगचा दोन वर्षांचा भाग पूर्णवेळ असतो. क्लिनिकलच्या दिवशी सकाळी साडेसहा-पावणेसातला वॉर्डात उभं राहायचं, आणि हे दिवस सेमिस्टरगणिक बदलतात. डे-केअरची पूर्णवेळ नोकरी यात टिकत नाही. मी नर्सिंग शिकवते, शनिवार-रविवारी थोडंफार काम करणाऱ्या विद्यार्थिनी मी पाहिल्या आहेत, पण घरी दोन लहान मुलं असताना ते गृहीत धरू नका. तेव्हा दोन वर्षांचा पगार गेला. कागदावर तो ८४ हजार, पण तुमच्या हाती तेवढा येतच नाही. मिस्टर सॉफ्टवेअरमध्ये आहेत, तुम्ही दोघं एकत्र टॅक्स भरता, त्यामुळे तुमचा प्रत्येक डॉलर त्यांच्या पगाराच्या वर जाऊन बसतो. फेडरल २४ टक्के, कॅलिफोर्नियाचे ९.३, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५, शिवाय राज्याचा अपंगत्व विमा. बेचाळीस टक्क्यांच्या आसपास तिथेच गेले. तुमच्या ४२ हजारांतले घरात येतात ते २४-२५ हजार. दोन वर्षांचे ४९ हजार धरा. त्यात सकाळी सहाला मुलांना कोण सांभाळणार आणि शाळेनंतर कोण आणणार, याचे दोन वर्षांत २५ हजार तरी ठेवा. आजी-आजोबा सहा-सहा महिने येऊन राहणार असतील तर हा आकडा खाली येईल. आपल्याकडच्या कित्येक जणींचं नर्सिंग सासू-सासऱ्यांच्या व्हिसावरच्या मुक्कामांत पार पडलं आहे.

तर ९ हजार, २५ हजार आणि ४९ हजार. ८३ हजार डॉलर. त्यात कॉलेजची फी पाच टक्केसुद्धा नाही. म्हणूनच कुठलं कॉलेज स्वस्त हा प्रश्न मी मागे टाकते आणि आजपासून पहिल्या पगारापर्यंत किती महिने जातील, हा पुढे घेते.

आता कमाई. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी खात्याप्रमाणे मे २०२४ मध्ये रजिस्टर्ड नर्सचा (आरएन) देशभरातला मध्यम पगार ९३,६०० डॉलर होता. कॅलिफोर्निया सगळ्यांच्या वर आहे. मे २०२३ मध्येच इथली सरासरी १ लाख ३७ हजारांच्या पुढे होती. पण या सरासरीत वीस-पंचवीस वर्षं युनियनच्या पायऱ्या चढलेल्या नर्सेस आहेत. तुम्ही पहिल्या पायरीवर असाल. आठवड्याला बारा-बारा तासांच्या तीन शिफ्ट म्हणजे ३६ तास, वर्षाला १,८७२ तास. पहिली नोकरी नर्सिंग होममध्ये तासाला ५५ डॉलरवर लागली तर १ लाख ३ हजार होतात. बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या, मोठ्या युनियन रुग्णालयात ७५ डॉलर मिळाले तर १ लाख ४० हजार. रात्रपाळीचा भत्ता वेगळा.

यातून आजचे ४२ हजार वजा करा आणि उरलेल्याचा बेचाळीस टक्के टॅक्सही वजा करा. पहिल्या शक्यतेत घरात वर्षाला ३५ हजार जास्त येतील, दुसरीत ५७ हजार. म्हणजे ८३ हजार वसूल व्हायला नर्सिंग होममध्ये साधारण अडीच वर्षं, मोठ्या रुग्णालयात दीड वर्ष. तुम्ही बेचाळिशीच्या आत कामाला लागलात तरी पुढे वीसेक वर्षं आहेत. वयाचं उत्तर या हिशोबात आलंच, फक्त पाठ आणि गुडघे यांचा प्रश्न राहतो, त्यावर पुढे बोलते.

मिस्टरांचा मुद्दा खोटा नाही, पण तो अर्धा आहे. परवाना एकच असतो. दोन वर्षांची एडीएनवाली आणि चार वर्षांची बीएसएनवाली तीच एनक्लेक्स देतात, दोघींच्या नावापुढे तेच आरएन लागतं, वॉर्डात काम तेच आणि युनियनच्या तक्त्यात पगारात फरक थोडाच. मोठ्या रुग्णालयांनी बीएसएन मागायला जोरात सुरुवात केली ती २०१० च्या आसपास. त्या वर्षी इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालाने २०२० पर्यंत ८० टक्के नर्सेस बीएसएन असाव्यात असं सुचवलं. मॅग्नेट हा मानाचा दर्जा मिळवू पाहणारी रुग्णालयंही त्याच बाजूची. न्यूयॉर्कने तर २०१७ मध्ये कायदाच केला की नवीन नर्सने परवाना मिळाल्यापासून दहा वर्षांत बीएसएन करायची. कॅलिफोर्नियात तसा कायदा नाही. इथे बीएसएनची खरी गरज भासते ती पहिल्या नोकरीच्या दारात.

आणि ते दार बे एरियात अरुंद आहे, हे मात्र मी गोड करून सांगणार नाही. नव्या नर्सेससाठी रुग्णालयांचे रेसिडेन्सी कार्यक्रम असतात, त्यांतल्या मोजक्या जागांवर प्रचंड अर्ज येतात आणि चाळणी लावताना बीएसएन हा सोपा निकष असतो. कारण उघड आहे. पगार देशात सर्वांत जास्त, वर राज्याचा कायदा असा की मेड-सर्ज (सर्वसाधारण आजार आणि शस्त्रक्रियांच्या) वॉर्डात एका नर्सकडे पाचपेक्षा जास्त रुग्ण नाहीत आणि आयसीयूत दोनपेक्षा जास्त नाहीत. बाकीच्या बहुतेक राज्यांत असं बंधन नाही, त्यामुळे अनुभवी नर्सेससुद्धा इकडेच येऊ बघतात. माझ्या एडीएनच्या विद्यार्थिनींना पहिली नोकरी स्टॉक्टन, मोडेस्टो, फ्रेस्नो या बाजूला किंवा नर्सिंग होम, डायलिसिस, मानसोपचार वॉर्ड अशा ठिकाणी लवकर मिळते. वर्षा-दोन वर्षांनी त्या इकडे येतात. फ्रीमॉन्टहून स्टॉक्टन म्हणजे अल्टामॉन्टचा घाट ओलांडून जाणं, पण ट्रॅफिकच्या उलट दिशेने आणि आठवड्यातून तीनदाच. हे तुमच्या घराला झेपणार की नाही हे पगाराच्या आकड्याइतकंच आधी ठरवायला हवं.

यावर एक चांगला तोडगा आहे. बऱ्याच कम्युनिटी कॉलेजांचा जवळच्या कॅल स्टेट या सरकारी विद्यापीठाशी करार असतो. एडीएन चालू असताना, उन्हाळ्यात वगैरे, बीएसएनचे काही विषय घ्यायचे आणि एडीएननंतर साधारण वर्षभरात तीही पदवी हातात. यात प्रवेश घेताना सांगावं लागतं, मागाहून नाही, म्हणून पहिल्याच भेटीत काउन्सेलरला विचारा. हे जमलं नाही तर नोकरी लागल्यावर ऑनलाइन आरएन-टू-बीएसएन होतं, दहा हजारांच्या आसपास किंवा कमीतही, आणि बरीच रुग्णालयं त्यातला मोठा भाग भरतात. मालकाने शिक्षणासाठी दिलेल्या वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतच्या रकमेवर टॅक्स लागत नाही. बदल्यात वर्ष-दोन वर्षं तिथेच राहण्याची अट असते, ती सही करण्याआधी वाचा.

आता ९० हजारांच्या बीएसएनकडे येऊ. बहुतेक जण त्याला हसून उडवून लावतात आणि कम्युनिटी कॉलेजला टाळी देतात. मी तसं करणार नाही, कारण आकडे तेवढे एकतर्फी नाहीत.

दोन्हीकडे ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, इंग्रजी हे आधीचे विषय करावेच लागतात. त्याला नोकरी सांभाळून एक-दीड वर्ष. तुमची बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीचीच असली तरी त्या विषयातून सूट मिळेल अशी आशा धरू नका. बाहेरच्या देशातले प्रयोगशाळेचे विषय अनेक कॉलेजं घेत नाहीत, आणि घेतले तरी पाच-सात वर्षांपेक्षा जुने नकोत अशी अट ठिकठिकाणी असते. जनरल एज्युकेशनच्या विषयांत मात्र पदवीचा उपयोग होऊ शकतो, म्हणून मार्कशीटचं मूल्यांकन करून ठेवा.

तिथून पुढे वाटा फुटतात. खासगी विद्यापीठात १६ महिने, कम्युनिटी कॉलेजात २४. खासगीचा पूर्ण खर्च असा येतो: फी ९० हजार, किरकोळ ४, मुलांचं १७, बुडालेला पगार ३२ हजार, मिळून १ लाख ४३ हजार. कम्युनिटी कॉलेजपेक्षा ६० हजारांनी जास्त. पण तुम्ही आठ महिने आधी नर्स होता. वर काढलेल्या जादा कमाईने त्या आठ महिन्यांचे २३ ते ३८ हजार होतात. ६० हजारांची दरी त्याने भरत नाही. म्हणजे कम्युनिटी कॉलेजात लगेच प्रवेश मिळाला तर प्रश्नच नाही, तेच घ्यायचं.

लगेच मिळत नाही, हीच तर अडचण आहे. जागा कमी, अर्ज भरपूर. काही कॉलेजं गुणांवर घेतात, काही पात्र अर्जांतून चिठ्ठ्या टाकतात. एक वर्ष नुसतं थांबण्यात गेलं तर खासगीवाली तुमच्या वीस महिने पुढे असते आणि त्या वीस महिन्यांची किंमत ५८ ते ९५ हजार होते. तिथे दोन्ही वाटा बरोबरीला येतात. दोन वर्षं थांबलात तर स्वस्त कॉलेज महाग पडलेलं असतं, आणि हे कुठल्याच पावतीवर दिसत नाही.

तरीही दुसऱ्या पारड्यात दोन गोष्टी टाका. पहिली म्हणजे हे ९० हजार आणायचे कुठून. तुमच्याकडे भारतातली पदवी आहे, त्यामुळे ग्रीन कार्ड असूनही फेडरल पेल ग्रँट (परत न करायची सरकारी मदत) मिळणार नाही, कारण ती पहिल्या पदवीसाठीच असते आणि परदेशी पदवीही त्यात मोजली जाते. फॉर्ममध्ये ती लपवायचा सल्ला देणारे भेटतील, त्यांच्यापासून लांब राहा. फेडरल कर्ज मिळतं, पण दुसऱ्या बॅचलर पदवीला वर्षाला १२,५०० डॉलरच्या आसपास मर्यादा. उरलेलं खासगी कर्ज किंवा घरची बचत. दुसरी गोष्ट नापास होण्याची. नर्सिंगमध्ये ७५ टक्क्यांखाली गेलं की बऱ्याच ठिकाणी विषय बुडाला, आणि दोनदा बुडाला की कार्यक्रमातून बाहेर. दुसऱ्या सेमिस्टरला घरी कुणी आजारी पडलं आणि सोडावं लागलं तर कम्युनिटी कॉलेजात हजार-दोन हजार गेले, खासगीत चाळीस-पन्नास हजारांचं कर्ज डोक्यावर राहिलं. मी ज्यांना शिकवते त्यांत गळणाऱ्या मुली ढ नसतात. त्यांच्या घरात काहीतरी घडलेलं असतं.

म्हणून मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. आधीचे विषय मन लावून अव्वल गुणांनी करायचे, कारण ॲनाटॉमी-फिजिऑलॉजीतली एक बी ग्रेड पुढे वर्षाचा पगार खाऊ शकते. मग एकाच कॉलेजवर भिस्त न ठेवता ओलोनी, शॅबो, एव्हरग्रीन व्हॅली, डी अँझा, आणि प्रवास झेपत असेल तर स्टॉक्टनचं सॅन वाकीन डेल्टासुद्धा, सगळीकडे अर्ज. सोबत कॅल स्टेटच्या बीएसएनलाही, तिथली फी वर्षाला सहा हजारांच्या वर, पण खासगीच्या जवळपासही नाही. पूर्ण एक फेरी अशी जाऊ द्यायची. दुसऱ्या फेरीतही कुठेच लागलं नाही, तर खासगीचा विचार करायचा, आणि तोही घरात किमान अर्धी रक्कम रोख असेल तर.

गुणांवर घेणाऱ्या कॉलेजांचा एक तपशील आपल्या लोकांना माहीत नसतो. टीज या प्रवेश परीक्षेत राज्याची किमान रेषा ६२ टक्के आहे, पण स्पर्धेत ८०च्या पुढे असलेलं बरं. त्याशिवाय पदवी, आरोग्यक्षेत्रातला अनुभव, घरची जबाबदारी आणि इंग्रजीखेरीज दुसरी भाषा यांनाही गुण असतात. भाषांच्या यादीत स्पॅनिश, टागालोग यांच्या जोडीला भारतीय उपखंडातल्या भाषा बहुधा लिहिलेल्या असतात. मराठी आणि हिंदी दोन्हींचा दाखला जोडा. चार गुणांनी नंबर वर सरकलेला मी पाहिला आहे.

मैत्रिणीच्या एलव्हीएनबद्दल मी फारशी उत्साही नाही. देशभरात त्यांचा मध्यम पगार मे २०२४ मध्ये ६२,३४० डॉलर होता, वर्ष-सव्वा वर्षाचा कोर्स, आणि मग आरएनसाठी पुन्हा रांग. घरात दुसरा पगार नसेल आणि लगेच कमाई हवी असेल तर ती वाट बरोबर आहे. तुमचं तसं नाही. आणि कुणी कॅलिफोर्नियाचा ३० युनिटांचा एलव्हीएन-ते-आरएन पर्याय सुचवला तर नाही म्हणा. त्यात पदवी मिळत नाही आणि तो परवाना बरीच राज्यं मानत नाहीत. मिस्टरांची नोकरी उद्या टेक्सासमधल्या ऑस्टिनला गेली तर तुम्ही घरी.

त्याऐवजी सीएनए (नर्सच्या हाताखालची मदतनीस) करा. कॅलिफोर्नियात १६० तासांचा कोर्स आहे, त्यातले १०० तास प्रत्यक्ष रुग्णांजवळ. पगार कमी, पण तो मुद्दा नाही. ऐंशी वर्षांच्या माणसाला कुशीवर वळवणं, त्याचं अंग पुसणं, डायपर बदलणं, उलटी साफ करणं हे तुम्हाला जमतं का, हे ८३ हजार घालण्याआधी कळतं. आपल्या घरांत हे काम बाईने करायचं आणि आपण पुस्तकातलं करायचं अशी सवय असते. पुण्यातले नातेवाईक "इंजिनिअरची बायको आणि सिस्टर?" असं तोंडावर नाही तरी पाठीमागे म्हणतीलच. त्याचा त्रास होणार असेल तर तोही आताच होऊन जाऊ दे. शिवाय सीएनएचा अनुभव प्रवेशाला गुण देतो आणि पुढे नोकरीच्या मुलाखतीत बोलायला काही असतं.

शरीराचं म्हणाल तर चाळिशीत सुरुवात करणाऱ्या माझ्या बऱ्याच सहकारी आहेत. पहिली दोन-तीन वर्षं रात्रपाळी येते, कारण दिवसाच्या जागा जुन्यांना. बारा तास उभं राहून पहाटे चारला औषधाचा डोस दोनदा मोजावा लागतो. पाठीचं दुखणं या धंद्यात खरं आहे. पण नर्स मरेपर्यंत वॉर्डातच असते असं नाही. पाच-सात वर्षांनी क्लिनिक, एंडोस्कोपी, केस मॅनेजमेंट, शाळेची नर्स, विमा कंपनी, शिकवणं अशा बाजूंना वळता येतं. मात्र यांतल्या बऱ्याच ठिकाणी बीएसएन मागतात, म्हणून ती पदवी पन्नाशीच्या आत हाती असू द्या. नर्स प्रॅक्टिशनरचं स्वप्न सध्या बाजूला ठेवा. त्यांचा देशभरातला मध्यम पगार १ लाख २९ हजारांच्या घरात आहे, आणि बे एरियातली अनुभवी वॉर्ड नर्स कसलंही जादा कर्ज न काढता त्याच्या वर असते.

कुठलंही कॉलेज निवडताना तीन गोष्टी स्वतः तपासा. राज्याच्या नर्सिंग बोर्डाच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त कार्यक्रमांची यादी असते, त्यात नाव हवं. तिथेच प्रत्येक कॉलेजचा एनक्लेक्सचा पहिल्या प्रयत्नातला निकाल असतो. २०२२ मध्ये देशाचा आकडा ८० टक्क्यांच्या आसपास घसरला होता, २०२३ मध्ये परीक्षेचं नवीन स्वरूप आल्यावर तो वाढला आणि २०२४ मध्ये ९०च्या पुढे गेला, तेव्हा आज कुणी ८२ टक्के अभिमानाने सांगत असेल तर तो अभिमान नको. आणि राष्ट्रीय ॲक्रेडिटेशन आहे का ते पाहा, कारण ते नसेल तर पुढे बीएसएनला किंवा दुसऱ्या राज्यात अडतं. जाहिरातीत "रांग नाही, लगेच प्रवेश" असं ठळक लिहिलेलं दिसलं की मी आधी ही तीन पानं उघडते. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडातल्या तीन शाळांतून विकलेल्या साडेसात हजारांहून जास्त बनावट नर्सिंग पदव्यांचं प्रकरण उघड झालं, फेडरल यंत्रणेने त्याला ऑपरेशन नाइटिंगेल असं नाव दिलं होतं. त्या कागदांवर परवाने मिळवलेल्या कित्येक नर्सेसचे परवाने राज्यांनी नंतर काढून घेतले.

तुमच्यासारखा प्रश्न एच-फोरवर असलेल्या मैत्रिणीही विचारतात, म्हणून दोन ओळी त्यांच्यासाठी. एच-फोरवर शिकता येतं, कॅलिफोर्नियात सोशल सिक्युरिटी नंबर नसला तरी टॅक्स आयडीवर परवानाही मिळू शकतो. पण काम करायला ईएडी (कामाची परवानगी) हवं, आणि ते सहसा नवऱ्याचं आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी मालकाने केलेला अर्ज, मंजूर झालेलं असेल तरच. नर्सच्या नेहमीच्या नोकरीला एच-वन हा नोकरीचा व्हिसा सहसा मिळत नाही. नर्सिंगला ग्रीन कार्डासाठी वेगळी वाट आहे हे अर्धं खरं आहे. लेबर सर्टिफिकेशनची (मालकाने श्रम खात्याची मंजुरी घेण्याची) पायरी वाचते, पण रांग ईबी-३ या नोकरीवरच्या ग्रीन कार्डाच्या गटाचीच, आणि भारतात जन्मलेल्यांसाठी ती दहा वर्षांपेक्षा जास्त मागे आहे. ईएडी हातात नसताना हा खर्च करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आधीचे विषय तेवढे करून ठेवा, आणि तेही कॉलेज तुम्हाला रहिवासी मानतं का हे पाहून, कारण परक्यांचा दर युनिटला कित्येक पटींनी जास्त असतो.

आणि ज्यांनी महाराष्ट्रात जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग केलं आहे, त्यांनी इथे परत पहिलीत बसू नये. राज्याच्या बोर्डाकडून कागदांचं मूल्यांकन करून घ्या, काही तास कमी पडले तर तेवढेच भरून काढा आणि एनक्लेक्स द्या. ती मुंबईतही देता येते. यात सगळा वेळ जातो तो कॉलेज, नाशिकचं आरोग्य विद्यापीठ आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल यांच्याकडून सीलबंद कागद निघण्यात, म्हणून भारतात जायचं तिकीट काढण्याआधी अर्ज तिकडे पोहोचलेला हवा.

तुमच्यापुरतं सांगायचं तर येत्या सेमिस्टरला संध्याकाळची केमिस्ट्री आणि स्टॅटिस्टिक्स घ्या, डे-केअर चालू ठेवून. दोन्ही मिळून चारशे डॉलरच्या आसपास जातील. उन्हाळ्यात सीएनए. तोपर्यंत नर्सिंगच्या माहिती-सत्राला जाऊन एवढंच विचारा: मागच्या फेरीत किती पात्र अर्ज आले, किती जागा भरल्या, आणि निवड गुणांवर होते की चिठ्ठ्यांवर. या तीन उत्तरांनंतर वरचा माझा हिशोब तुमच्या कॉलेजसाठी पुन्हा मांडता येईल, आणि मिस्टरांनाही तो दाखवता येईल.